गावची बातमी, नळाचे पाणी आणि एक चुकलेला शब्द



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्य शाखेला पाणीपुरवठा शिकवते. पत्रकारितेवर टिपण लिहिण्याचा माझा काय अधिकार, असे तुम्ही विचाराल. आमच्या आवाराला लागूनच एक कला महाविद्यालय आहे, तिथे पत्रकारितेचा पदवी अभ्यासक्रम चालतो. मधल्या भिंतीला एक फाटक आहे आणि दरवर्षी त्या फाटकातून दोन-तीन मुले हातात पाण्याची बाटली घेऊन माझ्या प्रयोगशाळेत येतात. प्रश्न ठरलेला: "मॅडम, हे पाणी चांगलं आहे का?" गेल्या काही वर्षांत मी या मुलांच्या बातम्या पाण्याच्या बाजूने वाचत आले. त्यातून जे कळले ते इथे मांडते. पत्रकारितेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे, पण आपल्या गावाबद्दल काही लिहू पाहणाऱ्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला ते वाचता येईल.

वर्गातली बातमी, गल्लीतली बातमी

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच महिन्यात सहा 'क' शिकवतात: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. मग उलटा पिरॅमिड येतो, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचे आधी आणि कमी महत्त्वाचे खाली, जेणेकरून जागा कमी पडली तर खालून कापता येईल. त्यानंतर महाविद्यालयाचे प्रायोगिक वृत्तपत्र निघते. त्यात स्नेहसंमेलन, वृक्षारोपण आणि प्राचार्यांचे मनोगत असते. या अंकात सहसा कुणाचे काही बिघडत नाही. चूक झाली तर सर लाल पेनाने गोल करतात, दोन गुण जातात, विषय संपतो.

तालुक्याच्या गावी इंटर्नशिपला गेलात की तसे राहत नाही. तिथे तुम्ही ज्याच्याबद्दल लिहाल तो माणूस संध्याकाळी किराणा दुकानात भेटतो. तुमचे वडील त्याला ओळखतात. मोठ्या शहरातल्या वार्ताहराला जे अंतर आपोआप मिळते ते तुम्हाला मिळत नाही. पण त्याच कारणाने तुम्हाला अशा गोष्टी कळतात ज्या बाहेरून आलेल्याला महिनाभर कळणार नाहीत: कोणत्या गल्लीला पाणी आधी येते, कुणाच्या दारात जोडणी दुहेरी आहे, टँकर कुणाच्या मेहुण्याचा आहे. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात २००२ साली सुरू झालेले 'खबर लहरिया' हे ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले बुंदेली वृत्तपत्र याच बळावर उभे राहिले. बातमी लिहिणाऱ्या बायका त्याच गावांत हातपंपावर पाणी भरणाऱ्या होत्या.

आता ज्या मुलाची गोष्ट सांगणार आहे तोही असाच. दुसऱ्या वर्षाला होता, रोज एसटीने तालुक्याच्या गावाहून ये-जा करायचा. त्याचे, गावाचे आणि वृत्तपत्राचे नाव सांगत नाही. ही गोष्ट लिहायला त्याची परवानगी घेतली आहे.

अंकात काय छापले गेले

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला एका स्थानिक दैनिकात महिनाभर इंटर्नशिप मिळाली. पहिले पंधरा दिवस वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सप्ताहाच्या बातम्या लिहिण्यात गेले. मग त्याला वाटले, आपल्याच प्रभागातल्या पाण्यावर लिहावे, कारण आईची रोजची तक्रार होती की पाणी मचूळ लागते. तो माझ्याकडून टीडीएस मीटर घेऊन गेला. पेनाएवढे यंत्र असते ते, पाण्यात बुडवले की आकडा दिसतो. त्याने सहा घरांत मोजले. आकडे ६१० ते ६४० आले. इंटरनेटवर त्याने पाहिले की मर्यादा ५०० आहे. बातमी लिहिली आणि मला मोबाईलवर पाठवली: "मॅडम, आकडे बरोबर आहेत ना?"

मी आकडे पाहिले. बरोबर होते. अंगठा दाखवून कामाला लागले. त्या बातमीत चौथ्या ओळीला 'त्यामुळे नागरिकांच्या आरोग्यास गंभीर धोका निर्माण झाला आहे' असे वाक्य होते, ते मी वाचलेच नाही. डेस्कवरच्या उपसंपादकाने त्या वाक्यावरून मथळा केला: प्रभागात दूषित पाणीपुरवठा.

मराठी वृत्तपत्र वाचणाऱ्याला 'दूषित पाणी' म्हटले की गॅस्ट्रो आठवतो, काविळीची साथ आठवते. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत वीस लिटरचे जार येऊ लागले. ज्यांना जार परवडत नव्हता ते लांबच्या हातपंपावर जाऊ लागले. नगरपरिषदेत कुणीतरी कुणालातरी विचारले आणि कारवाई म्हणून त्या प्रभागात पाणी सोडणाऱ्या कंत्राटी व्हॉल्व्हमनला कामावर येऊ नको म्हणून सांगितले. हा माणूस त्या मुलाच्या घरापासून चौथ्या घरात राहायचा. मुलगा त्याला लहानपणापासून काका म्हणायचा.

व्हॉल्व्ह उघडणारा माणूस पाण्यातले क्षार कमी करू शकत नाही. तो चावी फिरवतो. हे मला माहीत होते, मुख्याधिकाऱ्यांना माहीत असणार, पण बातमीत ते कुठेच नव्हते.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण, मुख्यतः क्षार: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराईड, सल्फेट वगैरे. छोटे मीटर ते थेट मोजत नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजते आणि त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणून लिटरमागे मिलिग्रॅम दाखवते. म्हणून दोन कंपन्यांच्या मीटरमध्ये थोडा फरक येऊ शकतो.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे आयएस १०५००, त्याची २०१२ची आवृत्ती. त्यात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा दिलेल्या असतात. एक स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरी, पर्यायी स्रोत नसेल तर चालू शकेल अशी अनुज्ञेय मर्यादा. टीडीएससाठी पहिली लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आणि दुसरी २००० मिलिग्रॅम आहे. गढूळपणासाठी अनुक्रमे १ आणि ५ एनटीयू. आपल्या मुलाने पहिली मर्यादा वाचली, दुसरी वाचली नाही. ६४० म्हणजे चव मचूळ, डाळ शिजायला वेळ, भांड्यावर पांढरे डाग. बोअरवेलवर जगणाऱ्या कितीतरी गावांत यापेक्षा जास्त आकडा सापडेल. तक्रार म्हणून ती खरी आहे आणि छापण्याजोगीही आहे. पण तिला 'दूषित' म्हणता येत नाही.

याच्या उलट बाजू जास्त महत्त्वाची. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. गटाराचे पाणी मिसळलेल्या नळाचा आकडा २५० येऊ शकतो आणि मीटर बघून घरचे लोक खूश होतील. जंतूंसाठी मानक अगदी कडक आहे: १०० मिलिलिटरच्या नमुन्यात ई-कोलाय हा जिवाणू सापडताच कामा नये. इथे दुसरी मर्यादा नाही, सवलत नाही. आणि क्लोरीनने निर्जंतुक केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापर्यंत पोचताना लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते शिल्लक असेल तर वाटेत थोडीफार घाण मिसळली तरी तिचा बंदोबस्त होण्याची शक्यता असते. शून्य असेल तर त्या पाण्याला वाटेत काही संरक्षण उरले नाही, इतके नक्की म्हणता येते.

हे तपासायला मोठी यंत्रे लागत नाहीत. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी जी 'ओटी टेस्ट' करतो ती हीच. नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळी छटा येते, आणि सोबतच्या रंगपट्टीशी ती जुळवायची. नमुना नळावर घ्यायचा आणि तिथेच तपासायचा. बाटलीत भरून दुपारी माझ्याकडे आणलात तर क्लोरीन वाटेतच उडून गेलेले असते. जंतूंची शंका घेण्यासाठी एचटूएस बाटली मिळते. पाणी भरून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवले आणि काळे पडले तर संशय पक्का धरायचा. मात्र तो संशयच. छापण्याआधी प्रयोगशाळेचा अहवाल हवा, आणि तो नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घेतलेला हवा, पेप्सीच्या रिकाम्या बाटलीत घेतलेला चालत नाही. (तुमच्यापैकी निम्मे जण पेप्सीचीच बाटली आणतात म्हणून सांगते.)

बादली आणि घड्याळ

आता एक गणित. प्रभागात पाणी किती येते हे वार्ताहर बहुधा दोन प्रकारे लिहितो. अधिकारी म्हणाले, मुबलक. नागरिक म्हणाले, अपुरे. दोन्ही वाक्ये छापली की समतोल साधला असे त्याला वाटते. वाचणाऱ्याच्या हाती मात्र काहीच पडत नाही.

तुमच्याकडे दहा लिटरची बादली आणि मोबाईलमधले घड्याळ आहे. समजा नळाखाली बादली भरायला ८० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. पाणी ४५ मिनिटे राहिले तर एका पाळीला सुमारे ३३७ लिटर. पाणी तीन दिवसांतून एकदा येत असेल तर दिवसाला ११२ लिटर आणि घरात पाच माणसे असतील तर माणशी सुमारे साडेबावीस लिटर. आता याच्याशेजारी मानक ठेवा. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटर हा निकष धरतात. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी किमान ५५ लिटर धरले आहेत. साडेबावीस हा आकडा या दोन्हींशेजारी छापला की विशेषणांची गरज उरत नाही.

एकाच घरात मोजून भागत नाही. टाकीजवळचे घर, मधले घर आणि शेवटचे घर, अशी तीन ठिकाणे घ्या. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला दाब वेगळा असतो, म्हणून दोनदा मोजा. आणि तारीख लिहा. मराठीत यात एक सापळा आहे. 'तिसऱ्या दिवशी पाणी येतं' असे कुणी म्हणाले तर काही जणांच्या हिशेबी ते सोमवार-बुधवार असते, काहींच्या हिशेबी सोमवार-गुरुवार. 'दिवसाआड' आणि 'दोन दिवसांआड' यांत मोठा फरक आहे. गणितात तो थेट दीडपट होतो. म्हणून "मागच्या वेळी कोणत्या वारी आलं होतं, त्याआधी कोणत्या वारी?" असेच विचारायचे.

कागद कुठे असतो

बघितलेले आणि मोजलेले हाती आले की तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे कागद. गावातल्या कोणत्याही कामाच्या मागे कागदांची एक साखळी असते. आधी अंदाजपत्रक, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग मोजमाप पुस्तिका, मग देयक. यांतली मोजमाप पुस्तिका, जिला कार्यालयात सगळे 'एमबी' म्हणतात, ती पत्रकारितेच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. कामाच्या जागेवर अभियंत्याने प्रत्यक्ष काय मोजले ते तिच्यात लिहिलेले असते: जलवाहिनी किती मीटर टाकली, किती व्यासाची, खोदाई किती. त्या नोंदीवर ठेकेदाराचे बिल निघते. एमबीत ४०० मीटर लिहिले असेल आणि गल्ली ३१० मीटरची असेल, तर बातमी तुमच्यासमोर आहे. फक्त टेप घेऊन चालायला हवे. अर्थात, उरलेले ९० मीटर शेजारच्या बोळात टाकले असू शकतात. ते विचारल्याशिवाय लिहू नका.

कागद बघायचा हक्क तुम्हाला विद्यार्थी म्हणून नाही, वार्ताहर म्हणूनही नाही, नागरिक म्हणून आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. अर्जात माहिती कशासाठी हवी याचे कारण द्यावे लागत नाही. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. न मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील ३० दिवसांच्या आत आणि पुढे आयोगाकडे दुसरे अपील ९० दिवसांच्या आत करता येते. केंद्राच्या कार्यालयांसाठी अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. राज्यांचे नियम वेगवेगळे असतात. तुम्ही इंदूर, बडोदे किंवा बेळगावात शिकत असाल तर तिथल्या राज्याचे नियम पाहून घ्या. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे 'गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती' असले अर्ज करू नका. कामाचे नाव, वर्ष आणि कागदाचे नाव लिहा.

या कायद्यातली एक सोय विद्यार्थी विसरतात. 'माहितीचा अधिकार' या शब्दांच्या व्याख्येतच काम आणि दस्तऐवज यांची पाहणी करणे, टिपणे घेणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हे सारे येते. झेरॉक्सचे पैसे वाचवायचे असतील तर पाहणी मागा, कार्यालयात बसून वही भरा.

हा कायदा दिल्लीत मंजूर झाला, पण त्याची मागणी हजेरीपटातून आली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ साली पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात जनसुनावणी घेतली. कामांच्या सरकारी नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचल्या गेल्या आणि लोकांनी सांगितले की कोण कामावर होते आणि कोण नव्हते. १९९६ साली ब्यावर इथे धरणे झाले ते या नोंदींच्या प्रती मिळाव्यात म्हणून. कागद त्या गावाबाहेर नेऊन कुणाला कळला नसता. तो तिथल्या माणसांपुढे वाचला म्हणून कळला. तुम्ही एमबी घेऊन गल्लीत गेलात तर तेच करत असता.

माहिती अधिकाराच्या आधी सोपे मार्गही आहेत. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मागा. ग्रामीण भागात राहत असाल आणि तुमचे नाव मतदार यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. तिथे प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र त्याच सभेची बातमी लिहिणार असाल तर 'एका ग्रामस्थाने विचारले' असे लिहून स्वतःला लपवू नका.

दुसरी बातमी

मुलगा माझ्याकडे आला तेव्हा व्हॉल्व्हमन घरी बसून आठ दिवस झाले होते. त्याने पहिली गोष्ट अशी सांगितली की आईने त्याच्याशी बोलणे कमी केले आहे. मी त्याला आयएस १०५००चे पान उघडून दाखवले. तो बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर बरोबर म्हणालात." मी म्हटले, मी आकडा पाहिला, तुझे वाक्य पाहिले नाही. हे सांगणे मला सोपे गेले नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे, बातमी तपासायला आली की आकड्याच्या मागचे आणि पुढचे वाक्य मोठ्याने वाचायचे.

वृत्तपत्राने दुरुस्ती छापली, आतल्या पानावर चार ओळींत. पहिल्या पानावरचा मथळा वाचलेल्यांपैकी कितीजणांनी ती वाचली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

मग तो पुन्हा मोजायला गेला, या वेळी ओटी किट घेऊन. लागोपाठ तीन पाळ्या, प्रत्येक वेळी पाच नळ. टाकीजवळच्या नळांवर पिवळी छटा यायची. शेवटच्या दोन नळांवर तिन्ही पाळ्यांत काहीच रंग नाही. पाळीची पहिली दहा मिनिटे पाणी गढूळ, मग निवळ. इथे माझ्या विषयाचा उपयोग झाला. पाणी चोवीस तास वाहत नसेल तर दोन पाळ्यांच्या मधे वाहिनी रिकामी होते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. अशा वेळी वाहिनी गटाराला लागून किंवा गटारातून गेली असेल आणि सांधा गळका असेल तर गटाराचे पाणी आत ओढले जाते. पाळी सुरू झाली की ते आधी नळाला येते. लोक नळाला टिल्लू पंप लावतात तेव्हा हे आणखी वाढते, कारण पंप वाहिनीतून जोराने ओढतो आणि शेवटच्या घरांकडे दाबच उरत नाही.

त्याने गल्ली पायी फिरून पाहिली. वाहिनी दोन ठिकाणी उघड्या गटारातून गेली होती. त्याचे त्याने फोटो काढले. टिल्लू पंप मोजले. बावीस घरांपैकी चौदा घरांत होते, आणि त्यांतले एक घर त्याचे स्वतःचे होते.

मग तो व्हॉल्व्हमन काकांकडे गेला. पहिल्या दिवशी ते बाहेरच आले नाहीत. काकूंनी पाणी दिले आणि म्हणाल्या, "आता काय लिहायचं राहिलंय?" दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसले आणि त्यांनी जे सांगितले ते मी वीस वर्षे पाणीपुरवठा शिकवूनही कधी ऐकले नव्हते. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडरला आपल्याकडे हेच नाव आहे) किती आली, किती वापरली, याची नोंदवही असते, ती कुठल्या कपाटात असते आणि कोणत्या महिन्यांत ती कोरी असते. शेवटच्या टोकाला पाणी गढूळ येते हे त्यांनी दोनदा तोंडी कळवले होते. लेखी कळवायला त्यांना कुणी सांगितले नव्हते.

मुलाने त्यांच्या सांगण्यावरून लगेच लिहिले नाही, हे त्याचे मला आवडले. नाव छापले तर परत कामावर घेणार नाहीत, हे दोघांनाही कळत होते. त्याने नोंदवहीच्या प्रतीसाठी अर्ज केला आणि वाट पाहिली. तोवर इंटर्नशिप संपली होती, नवे सत्र सुरू झाले होते. प्रत हाती आली तेव्हा मुख्याधिकाऱ्यांना भेटून त्याने तीन प्रश्न लेखी दिले आणि उत्तराला चार दिवसांची मुदत दिली. उत्तर आले, तेही त्याने छापायला दिले. बातमीत मोजमापे होती, तारखा होत्या, 'दूषित' शब्द नव्हता, कारण प्रयोगशाळेचा जंतूंचा अहवाल अजून यायचा होता. 'शेवटच्या नळांवर क्लोरीन आढळले नाही' एवढेच होते. आणि एक वाक्य होते की गल्लीतल्या बहुतेक घरांत नळाला पंप आहेत, प्रस्तुत वार्ताहराच्या घरीही. ते वाक्य डेस्कवर कापले गेले. आईने मात्र पंप आधीच काढून ठेवला होता.

पावसाळ्यानंतर वाहिनीचा एक तुकडा गटाराबाहेर घेतला गेला. दुसरा मी शेवटचा ऐकला तेव्हा तसाच होता. काकांना दुसरी बातमी येण्याआधीच, तीन आठवड्यांनी, पुन्हा कामावर बोलावले होते. नवा माणूस मिळत नव्हता. त्या तीन आठवड्यांची मजुरी त्यांना मिळाली नाही.

आणखी थोडे

इंटर्नशिपमध्ये बऱ्याच ठिकाणी बातमीबरोबर जाहिरातही आणायला सांगतात, वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी किंवा नेत्याच्या वाढदिवसासाठी. नाही म्हणणे प्रत्येकाला परवडत नाही हे मला कळते. निदान ज्याच्याकडून जाहिरात घेतली त्याच्याबद्दलची बातमी दुसऱ्याला लिहू द्या, आणि ते संपादकांना सांगून करा.

पोलीस ठाण्याच्या बातम्यांत दोन ठिकाणी चूक केली तर दुरुस्ती छापून भागत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायदाही लागू होतो. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. छोट्या गावात 'बसस्थानकामागच्या पानटपरीवाल्याची नववीतली मुलगी' एवढे लिहिले की सगळ्यांना कळते.

स्वाध्याय

तुमच्या घरच्या किंवा वसतिगृहाच्या नळाला पाणी येते त्या लागोपाठ तीन पाळ्या निवडा. प्रत्येक पाळीची तारीख, सुरू होण्याची आणि बंद होण्याची वेळ, दहा लिटरची बादली भरायला लागलेले सेकंद सुरुवातीला आणि शेवटाला, आणि पहिल्या दहा मिनिटांतला पाण्याचा रंग लिहा. माणशी दिवसाला किती लिटर येते ते काढा. पाणी सोडणारी व्यक्ती कोण आहे ते शोधा आणि तिच्याशी किमान अर्धा तास बोला. पहिल्या भेटीत वही काढू नका. त्यानंतर तीनशे शब्दांची बातमी लिहा. ती वर्गात देण्याआधी त्यातली विशेषणे पेन्सिलने अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या बाजूला, ते कोणत्या मोजमापावर किंवा कोणत्या कागदावर उभे आहे ते लिहा. ज्याच्या बाजूला काही लिहिता आले नाही ते खोडा. नळाला टिल्लू पंप असेल तर मोजताना तो बंद ठेवा, आणि तो आहे हेही बातमीत लिहा.